सासऱ्यांचा हिशेब वेगळा, बाळाची लस वेगळी

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला तो बरोबर कळलाय ना, म्हणून आधी माझ्या शब्दांत मांडते. तुम्ही ऐरोलीला राहता. मार्च २०२१ मध्ये सासऱ्यांना करोनाची लस मिळत होती, पण धाकट्या दिरांनी "आधी लोकांना होऊ दे, मग बघू" म्हणत त्यांना थांबवलं. त्याच महिन्यात दीर कुणाच्या तरी हळदीला जाऊन आले. अंगात कणकण असताना मास्क न लावता घरभर वावरले, सगळ्यांच्या पंगतीत जेवले. एप्रिलमध्ये सासरे करोनानं गेले. आता त्याच दिरांचा मुलगा तेरा महिन्यांचा झालाय आणि त्याला गोवर-रुबेलाची लस ते देऊ देत नाहीत. तुम्ही विचारलंय, "या माणसाशी बोलताना माझा संताप आवरत नाही. समजावून काही उपयोग होतो का, महापालिकेत तक्रार करू, की नाद सोडून देऊ?"

मी नवी मुंबईतच तीस वर्षं लसीकरणाची सिस्टर म्हणून काम केलं. दिघा, तुर्भे, कोपरखैरणे, घणसोली या भागांत घरोघरी फिरले. करोनात लसीकरण केंद्रावर होते. त्यामुळे नकार देणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत आणि तुमच्यासारखी जळणारी माणसंही.

राग रास्त आहे. तो सोडून द्या असं मी सांगणार नाही. पण एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. मार्चमध्ये एक डोस मिळाला असता तर सासरे नक्की वाचले असते का, याचं उत्तर कुणालाही देता येणार नाही. पहिल्या डोसनंतर संरक्षण तयार व्हायला दोन-तीन आठवडे जातात आणि तेही अर्धंमुर्धं असतं. वाचण्याची शक्यता वाढली असती, इतकंच खात्रीनं म्हणता येतं. आणि त्या मार्च-एप्रिलमध्ये संसर्ग हळदीतून आला, भाजीच्या पिशवीबरोबर आलेल्या माणसाकडून आला की लिफ्टमधून आला, हे कोण सांगणार? दिरांना पाठीशी घालायला हे लिहीत नाही. तापात घरात उघड्या तोंडानं फिरणं चूकच होतं. पण तुम्ही मनात जो निकाल लिहून ठेवलाय, त्याचा कागद वाटतो तितका पक्का नाही, आणि दिरांनाही ते कुठेतरी माहीत आहे. किंवा उलट असेल. त्यांना वाटत असेल की आपल्यामुळेच वडील गेले, आणि ते वाटणं सहन होत नसेल.

मला दिसतो तो खरा अडथळा इथेच आहे. २०२१ नंतर तुमच्या घरात लस हा शब्द नुसता लस राहिलेला नाही. दिरांनी आज बाळाला लस दिली की त्याचा अर्थ होतो, तेव्हा मी चुकलो. तुमच्या चेहऱ्यावर त्यांना तेच वाचायला मिळतं. मुलाला टोचून घेणं म्हणजे बापाच्या मरणाची कबुली देणं असं झालं, तर कुठला माणूस ती देईल? तुम्ही कितीही शास्त्र सांगा, तो ऐकत असतो ते आरोपपत्र. म्हणून पहिलं काम समजावण्याचं नाही, या दोन गोष्टींची गाठ सोडवण्याचं आहे.

दुसरं, तुम्ही जाता जाता एक वाक्य लिहिलंय: "पेंटाच्या तिसऱ्या डोसनंतर बाळाला दोन दिवस ताप होता, मांडी सुजली होती, तेव्हापासून तर जास्तच." (पेंटा म्हणजे पाच रोगांवरची एकत्रित लस.) मला तुमच्या अख्ख्या प्रश्नात हे वाक्य सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. याचा अर्थ तुमचे दीर लसविरोधी नाहीत. बीसीजी झाली, पोलिओ झाला, पेंटाचे तिन्ही डोस झाले. मग एका रात्री तान्हं बाळ तापानं फणफणलं, सुजलेल्या मांडीला हात लावू देईना, आणि ती रात्र ज्यांनी काढली ते थांबले. त्या रात्री बाळाला कडेवर घेऊन कोण फेऱ्या मारत होतं? बहुधा तुमची जाऊ. तिच्याबद्दल तुम्ही एक ओळसुद्धा लिहिलेली नाही.

नकार हा शब्द मला कधीच पुरेसा वाटला नाही. पल्स पोलिओला आम्ही दारावर खडूनं खूण करायचो. सगळ्या मुलांना डोस मिळालेलं घर 'पी', राहिलेलं घर 'एक्स'. संध्याकाळी मीटिंगमध्ये किती एक्स घरं, किती पी झाली, एवढंच विचारलं जायचं. पण त्या एका एक्समध्ये काय काय असायचं! कुलूप लावून गावी गेलेले, मूल आजारी असलेले, नवरा घरी नाही म्हणून दार न उघडणारी, आणि खरोखर नको म्हणणारे.

तुर्भे स्टोअरच्या वस्तीत, टोचायच्या लसीच्या वेळी, अशाच एका घरानं मला तीन वेळा परतवलं. बाई दारातूनच म्हणायची, "आमच्यात नाही देत." मी वहीत लिहून मोकळी व्हायचे. चौथ्या खेपेला दुपार होती, पाय भरून आले होते, तर मी तिच्या उंबऱ्यावरच बसले. ती मेथी निवडत होती. मी लसीचं काढलंच नाही, मीही चार काड्या निवडू लागले. थोड्या वेळानं तीच बोलली. वाशीला तीन घरची कामं होती तिच्याकडे. "सुई दिली की पोराला ताप येतो, सिस्टर. ताप आला की माझे दोन खाडे. दोन खाडे झाले की मॅडम दुसरी बाई बघते." आमच्यात नाही देत हे तिला सांगायला सोपं होतं, त्यावर कुणी पुढे विचारत नाही. त्या मुलाला आम्ही शनिवारी दुपारी टोचलं, कारण रविवारी तिला सुट्टी असायची. प्रबोधनाचं एक वाक्यसुद्धा लागलं नाही.

आणि एक उलटा अनुभवही सांगते, कारण तो मला अजून टोचतो. मे २०२१. केंद्रावर सकाळपासून रांग, आतले डोस बाहेरच्या माणसांच्या निम्मेसुद्धा नाहीत. पन्नाशीचा एक रिक्षावाला माझ्या टेबलापाशी येऊन हळूच म्हणाला, "सिस्टर, खरं सांगा, ही घेतल्यावर माणूस मरतो का?" माझ्या ओळखीतलं कुणीतरी त्याच सकाळी गेलं होतं. मी म्हटलं, "न घेतल्यावर मरतात. स्मशानात जाऊन बघा." तो काही बोलला नाही. रांगेतून निघून गेला. महिन्याभरानं त्याची बायको एकटी आली. मी विचारलं, ते नाही आले? तर म्हणाली, "ते म्हणतात, विचारलं की हिणवतात." त्या माणसानं आम्हाला प्रश्न विचारला होता. विचारणारा माणूस अर्धा आत आलेला असतो, आणि मी त्याला बाहेर काढला.

त्या वर्षी अविश्वास काही हवेतून उगवला नव्हता. कोविशिल्डच्या दोन डोसांमधलं अंतर आधी चार ते सहा आठवडे होतं, मार्चमध्ये सहा ते आठ झालं, मेमध्ये बारा ते सोळा. नवी माहिती आली तसं ते बदललं आणि मोठं अंतर फायद्याचंच होतं, पण रांगेतल्या माणसाला वाटलं, डोस संपलेत म्हणून तारीख पुढे ढकलतायत. १ मे पासून अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना लस जाहीर झाली आणि केंद्राच्या फाटकावर 'आज लस उपलब्ध नाही' हा फलक. पहाटे चारला येऊन, ऊन खाऊन रिकाम्या दंडानं परत गेलेला माणूस आणि लस नको म्हणणारा माणूस, दोघंही यादीत 'घेतली नाही' या एकाच रकान्यात. मग १५ ऑगस्टपासून दोन डोस झालेल्यांनाच लोकल खुली झाली, आणि ज्याचं पोट लोकलवर होतं त्यानं मनात शंका तशीच ठेवून दंड पुढे केला. सक्तीनं आकडा वाढतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण दाबलेली शंका जात नाही, ती पुढच्या लसीच्या वेळी वर येते. तुमच्या पुतण्याच्या वाट्याला तीच आली असेल.

लोकांची भीती मी खोटी मानत नाही, याचं आणखी एक कारण आहे. शास्त्रज्ञ हाफकिन यांनी प्लेगची लस मुंबईतच केली आणि जानेवारी १८९७ मध्ये पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. तीच लस १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावात दिली, तेव्हा एक बाटली दूषित निघाली आणि १९ माणसं धनुर्वातानं गेली. लसीत दोष नव्हता, पण १९ घरांना त्याचं काय? आज गोवराची कुपी उघडल्यावर सिस्टर तिच्यावर वेळ लिहिते, चार तासांनी उरलेली लस टाकून देते, प्रत्येक बाळाला नवी सिरिंज वापरते आणि ती पुन्हा ओढताच येत नाही अशी बनवलेली असते. ही शिस्त तसल्याच दुखण्यांतून आली आहे. जाऊबाईंना केंद्रावर हे डोळ्यांनी बघू द्या. कुपीवरची वेळ वाचायला सांगा. मी स्वतः आयांना कुपी हातात धरून दाखवायचे.

आता तुम्ही काय करायचं ते सांगते. दिरांना बाजूला ठेवा. जाऊबाईंकडे दुपारी, दीर कामावर असताना जा. तुम्ही थोरल्या आहात, त्यामुळे तिला वाटणार की ताई शिकवायला आल्या. म्हणून शिकवू नका. विचारा, "त्या दोन रात्री कशा काढल्यास गं?" आणि गप्प बसा. ती सांगेल. मध्ये "पण" म्हणायचं नाही. "तसं होतंच" असंही नाही, आईला ते अपमानासारखं लागतं. सगळं सांगून झाल्यावर विचारा, "आता कशाची भीती वाटते?" उत्तरात तापाची म्हणेल, मोबाइलवर आलेल्या लसीविरुद्धच्या व्हिडिओची म्हणेल, किंवा "ह्यांना आवडणार नाही" असं म्हणेल. तिन्हींना उत्तर वेगळं आहे.

ताप म्हणाली तर तुमच्याकडे सांगण्यासारखं नेमकं काहीतरी आहे. पेंटामध्ये डांग्या खोकल्याचा जो भाग असतो त्यानं पहिल्या एक-दोन दिवसांत ताप येतो, मांडी दुखते. गोवर-रुबेलाची लस वेगळी आहे. ती उजव्या दंडात कातडीखाली देतात आणि त्या रात्री बहुतेक बाळांना काहीच होत नाही. काही बाळांना ताप येतो तो साधारण सातव्या ते बाराव्या दिवशी, कधी अंगावर हलकं पुरळ येतं, दोन-तीन दिवसांत जातं, आणि ते दुसऱ्या मुलाला लागत नाही. हे आधी सांगितलं नाही तर आठव्या दिवशी ताप आला की घर म्हणतं, बघा, लसीनं गोवर दिला! आधी सांगितलं तर तीच आई म्हणते, सिस्टरनी सांगितलं होतं. तापाच्या औषधाचा डोस बाळाच्या वजनावर ठरतो, तो केंद्रावर लिहून घ्या. क्वचित, काही हजार डोसांमागे एखाद्या बाळाला या तापात झटका येतो. बघणाऱ्याचा जीव जातो, पण त्यातून सहसा कायमचं नुकसान होत नाही. हेही लपवू नका. तीव्र अॅलर्जी अतिशय दुर्मीळ, आणि ती आलीच तर बहुधा लगेच दिसते, म्हणून अर्धा तास केंद्रावर बसवतात. तो अर्धा तास चुकवू नये.

इथे परिस्थितीवर अवलंबून असलेली गोष्ट आली. त्या दोन दिवसांत बाळाला झटका आला होता का, बाळ निपचित पडलं होतं का, की नुसता ताप होता? आधी हे विचारा. नुसता ताप आणि सूज असेल तर गोवराची लस थांबवायचं कारण नाही. सर्दी, थोडा खोकला, पातळ शी यांनीही थांबत नाहीत. पण झटका आला असेल, बाळ निपचित पडलं असेल, बाळाची प्रतिकारशक्ती कमी असल्याचं डॉक्टरांनी सांगितलं असेल, किंवा सध्या जोराचा ताप असेल, तर आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. तिथे माझं उत्तर चालणार नाही.

व्हिडिओ म्हणाली तर तो तिच्याबरोबर बसून पूर्ण बघा. २०२४ मध्ये कोविशिल्डमुळे रक्तात गुठळ्या होतात अशी बातमी आली, तेव्हापासून माझ्याकडेही रोज कुणीतरी विचारायचं. ती बातमी खोटी नव्हती. गुठळी होणं आणि प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) घटणं हा त्या लसीचा खराखुरा, पण फार दुर्मीळ दुष्परिणाम आहे, आणि तो डोसनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत दिसतो, तीन वर्षांनी नाही. तरुणांच्या अचानक मृत्यूंवर आयसीएमआरनं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं) देशातल्या ४७ रुग्णालयांत अभ्यास केला. त्यात लसीमुळे धोका वाढलेला आढळला नाही. करोनात रुग्णालयात भरती व्हावं लागणं, घराण्यात तसा मृत्यू झालेला असणं, अति मद्यपान अशा गोष्टींशी संबंध दिसला. आणि मुख्य म्हणजे, गोवराच्या लसीचा कोविशिल्डशी संबंध नाही. गोवराची लस आपल्याकडे कित्येक दशकं बाळांना दिली जातेय. तुमची जाऊ आणि दीर या दोघांनाही लहानपणी मिळाली असेल. सासूबाईंना विचारा, आठवेल त्यांना.

आणि "ह्यांना आवडणार नाही" असं म्हणाली तर दिरांशी बोलणं आलंच. तेव्हा एक गोष्ट पाळा: २०२१ तोंडातून येऊ द्यायचं नाही. सासऱ्यांचं नाव नाही, हळद नाही, मास्क नाही. उलट त्यांना बाहेर पडायला एक वाट द्या. "भावजी, पेंटाला एवढा त्रास झाला म्हणून तुम्ही थांबलात, ते मी समजू शकते. ही लस वेगळी आहे म्हणतात. तुम्हीच बाळाला घेऊन चला आणि तुम्हीच सिस्टरना काय ते विचारा, मी नुसती बरोबर येते." मग तो सावध बाप म्हणून केंद्रावर येतो, हरलेला माणूस म्हणून येत नाही. हे बोलणं तुम्हाला जड जाईल, मला कल्पना आहे. नाही जमलं तर तुमच्या यजमानांना बोलू द्या, किंवा तुमच्या विभागातल्या आशाताईंना. त्यांच्याकडे राहिलेल्या बाळांची यादी असते, त्या येतातच. त्यांना "पेंटानंतर ताप आला म्हणून घाबरलेत" एवढं कानावर घाला. "लसविरोधी घर आहे" असं सांगू नका.

तक्रारीबद्दल. ती करून काही होणार नाही. लस घेण्याची सक्ती कुणावर करता येत नाही, असं २ मे २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं करोना लसीबाबत स्पष्ट केलंय आणि बाळांच्या लसीकरणातही आम्ही कुणाच्या घरात घुसून टोचत नाही. तक्रारीनं एवढंच होईल की तुमच्या जावेचं दार तुम्हाला बंद होईल. बाळापर्यंत पोचायचा तोच एक रस्ता तुमच्याकडे आहे.

वेळ मात्र दवडू नका. गोवर हवेतून पसरतो. आजारी मूल खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत विषाणू तिथल्या हवेत राहू शकतो. २०२२ च्या शेवटी गोवंडी, भिवंडी, मालेगावला उद्रेक झाला, तेव्हा आम्ही इथेही घरोघर राहिलेली मुलं शोधत फिरलो. गोवर म्हणजे अंगावर देवी आली, कडुनिंब बांधा, जाईल, असं म्हणणाऱ्या आज्या मला तेव्हाही भेटल्या. पुरळ जातंच. मागे राहतो न्यूमोनिया, जुलाब, कधी डोळ्यांचं नुकसान, आणि शरीरानं आधीच्या आजारांविरुद्ध कमावलेली ताकदही गोवर बऱ्याच प्रमाणात पुसून टाकू शकतो. एक डोस साधारण ९३ टक्के संरक्षण देतो, दोन्ही मिळून ९७ च्या आसपास.

तुमच्या रागाचं काय, हे राहिलं. त्याला जागा हवी, पण ती या बाळाच्या दंडावर नको. लस होऊन जाऊ द्या, मध्ये काही महिने जाऊ द्या, आणि मग एखाद्या दिवशी, सासऱ्यांच्या वर्षश्राद्धाच्या आसपास वाटलं तर, दिरांना सांगा की त्या मार्चचं मला अजून लागतं. माफी मागा असं म्हणू नका, नुसतं सांगा. ते रडतील, किंवा उठून जातील. दोन्ही मी पाहिलंय. आणि तुमच्या घरात तुम्ही नियम करू शकता, त्यासाठी कुणाला पटवायची गरज नाही. सासूबाईंना मधुमेह आहे म्हणता. ताप-खोकला असलेल्यानं त्यांच्या खोलीत जायचं नाही, जायचंच तर मास्क लावून आणि खिडकी उघडी ठेवून, मग तो दीर असो की तुमचा नवरा. सगळ्यांना एकच नियम लावला की तो कुणा एकाला टोमणा वाटत नाही.

तेरा महिने म्हणजे फार उशीर झालेला नाही. नऊ महिन्यांचा डोस चुकला तरी तो आत्ता मिळतो, पाच वर्षांपर्यंत मिळतो. त्याच वेळी 'अ' जीवनसत्त्वाचा तोंडावाटे डोसही मागून घ्या, तो राहिला असणारच. दुसरा डोस सोळा ते चोवीस महिन्यांत. बाळाला पोटभर पाजून, सैल बाह्यांचं झबलं घालून सकाळी लवकर न्या. कार्ड हरवलं असलं तरी परत पाठवत नाहीत, केंद्राच्या रजिस्टरमध्ये नोंद सापडते. आणि सातव्या दिवशी संध्याकाळी जाऊबाईंना फोन करा. ताप नसला तरी करा.